खरेदीखत होण्याआधी एक हरकत : नाशिकच्या आपल्या ॲपच्या तिघा संस्थापकांना खुलं पत्र

प्रति,
ॲपचे तिघे संस्थापक,
नाशिक.

विषय : ॲपच्या नियोजित विक्रीस हरकत नोंदवणेबाबत.

सप्रेम नमस्कार.

अर्जाची ही पद्धत बघून हसू आलं तर येऊ द्या. ३२ वर्षं तलाठी म्हणून नोकरी केली, दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत सजे, म्हणजे तलाठ्याकडची गावं, सांभाळले. कागद पुढे आला की हात असाच वळतो.

मंगळवारी सकाळी पेपरात वाचलं की नाशिककरांना आपापल्या भागाच्या गटांत बोलायला जागा देणारं तुमचं ॲप एक मोठी कंपनी विकत घेतेय आणि बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. आकड्यातली शून्यं मला चष्मा लावूनही मोजता येईनात, सुनेनं मोजून दिली. म्हणाली, "बाबा, पोरांनी नाव काढलं." काढलंतच. कॉलेज रोडच्या एका गाळ्याच्या माळ्यावर तीन टेबलं टाकून २०१८ साली सुरू केलेलं काम आज कुणीतरी एवढे पैसे मोजून मागतंय, याचा आनंद मलाही झाला. चहा गार झाल्यावर मात्र दुसरा विचार आला. या व्यवहारात विकलं नेमकं काय जातंय?

हे तुम्हाला खासगीतही कळवता आलं असतं. दोनदा मेल पाठवली. दोन्ही वेळा "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" एवढं यंत्राचं उत्तर आलं, म्हणून आता चावडीवर येऊन बोलतोय.

माझा संबंध आधी सांगतो. सात वर्षं मी जुने नाशिक आणि पंचवटी गटाचा बिनपगारी ॲडमिन आहे. सातबारा, फेरफार, वारसनोंद, गुंठेवारी यांवर लोकांना दिलेली माझी उत्तरं अकराशेच्या वर गेलीत. रात्री साडेअकराला कुणीतरी पणजोबांच्या नावाचा जीर्ण उतारा टाकतं आणि विचारतं, "काका, यात आमचा हिस्सा दिसतो का?" थोडीफार मोडी लागते मला, त्यामुळे झोप बाजूला ठेवून बघतो. घरच्यांनी यावरून पुष्कळ बोलून घेतलंय.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल, कारण त्याच रविवारी तुमचं ॲप पहिल्यांदा गावाच्या तोंडी झालं. गंगापूर धरणातून विसर्ग किती सोडला ते क्युसेकमध्ये सगळीकडे कळतं. पण तेवढ्या पाण्याला आपल्या बोळाची कितवी पायरी बुडते, हे त्या बोळातल्या माणसालाच ठाऊक असतं. आपलं पुराचं माप म्हणजे गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, खांद्याला लागलं, की ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. त्या दिवशी सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार अर्ध्या अर्ध्या तासाला आपापल्या पायरीचे फोटो टाकत होते आणि ते बघून पुढच्या गल्लीतले लोक माल वर चढवत होते. ते फोटो आजही वेळेसकट सापडतात. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या याच घाटावर व्हायच्यात. पाणी कुठल्या वेळी कुठवर चढलं याची इतकी बारीक नोंद तुमच्या सर्व्हरवर आहे, आणि ती फुकट काम करणाऱ्या माणसांनी भिजत लिहिलेली आहे.

दुसरी गोष्ट एप्रिल २०२१ ची, कोविडच्या दुसऱ्या लाटेतली. माझ्या मेव्हण्याला ऑक्सिजनचं यंत्र याच गटातून मिळालं. सिडकोतला एक अनोळखी मुलगा स्कूटरवर पायांत धरून घेऊन आला, फाटकाशी ठेवलं आणि नाव न सांगता गेला. मेव्हणा वाचला. पण त्या पाच-सहा आठवड्यांत लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते परवा पुन्हा चाळलं आणि घाम फुटला. पेशंटचं नाव, वय, आधीचे आजार, सिटी स्कॅनचा स्कोअर, आधार कार्डाचा फोटो, घरचा पत्ता, तीन-तीन मोबाइल नंबर. जीव वाचवायचा होता, भीडभाड कुणाला होती? त्यातली कितीतरी माणसं आज नाहीत. त्यांचे आजार मात्र तुमच्याकडे जसेच्या तसे पडून आहेत, आणि विक्रीच्या यादीत तेही येतात.

एवढं सांगूनही मी "विकू नका" म्हणणार नाही. तसं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. ते झुकेरबर्गची गोष्ट ऐकवतील : २००६ साली याहू फेसबुकला एक अब्ज डॉलर द्यायला तयार होतं, २२ वर्षांच्या पोरानं नाही म्हटलं आणि २०१२ साली शेअर बाजारात उतरताना त्याच कंपनीची किंमत शंभर अब्जांच्या वर धरली गेली. स्नॅपचॅटनं २०१३ मध्ये फेसबुकचे तीन अब्ज नाकारले आणि २०१७ मध्ये स्वतःच्या बळावर बाजारात पाऊल ठेवलं, हेही सांगतील. गोष्टी खऱ्या आहेत. पण लॉटरीच्या दुकानावर फोटो लागतो तो जिंकलेल्याचा. फेसबुकच्याही आधी निघालेल्या फ्रेंडस्टरचा फोटो कोण लावणार? गूगलनं २००३ मध्ये त्यांच्यापुढे तीन कोटी डॉलर ठेवले होते, त्यांनीही नाहीच म्हटलं. पुढे लोक पांगले, २००९ मध्ये ते एका मलेशियन कंपनीकडे गेलं, २०११ मध्ये लोकांचे जुने फोटो आणि लिखाण पुसून खेळांची साइट झाली आणि अखेर तीही बंद पडली. आपल्याकडचं ट्विटरसारखं ॲप कू घ्या. भारतीय भाषांसाठी निघालं, गाजलं, मग दुसऱ्या कंपनीत जायची बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये कुलूप लागलं. गिऱ्हाईक वेळेवर मिळालं नाही तर दुकान बसतं. सर्व्हरचं बिल मी भरत नाही, तुम्ही भरता. ऑफिसातल्या पोरांचे पगार मधल्या काळात दोनदा लांबले होते, हे गटातल्या जुन्या लोकांना माहीत आहे.

आणि मोह कशाला म्हणतात ते तलाठ्याला सांगू नये. आमच्या भाऊबंदांनी आडगाव शिवारातलं वावर २००७ साली विकलं तेव्हा खरेदीखतावर माझीही सही होती. त्या पैशांतून हे घर झालं, मुलीचं शिक्षण झालं. पश्चात्ताप नाही.

पण नोकरीत मी विक्रीचे दोन प्रकार पाहिले, आणि त्यातला एक मनातून जात नाही.

दिंडोरीकडचं एक गाव. एका विधवा बाईचं तीस गुंठ्यांचं तुकडं मागच्या अंगाला होतं. जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून, तिच्या सासऱ्यापासूनची, चाळीसेक वर्षांची वहिवाट. शेजाऱ्याला मुलीच्या लग्नासाठी पैसे लागले, त्यानं जमीन शहरातल्या माणसाला विकली. बाईला म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका, माझं बोलणं झालंय, माणूस देवासारखा आहे." आणि तो तसाच निघाला. दोन वर्षं तिची बैलगाडी सुखानं गेली. मग देवमाणसानं जमीन तिसऱ्याला विकली. तिसऱ्यानं मोजणी आणून तारेचं कंपाउंड ठोकलं. बाई त्याच्याशी बोलत राहिली, सरपंचाला मध्ये घातलं, द्राक्षाची छाटणी होऊ द्या, मग बघू, असं करत करत आठव्या महिन्यात माझ्याकडे आली. रस्ता अडवल्याचा दावा मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे चालतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मी सातबारा उघडला. दुसऱ्यांचे हक्क लिहायचा 'इतर हक्क' हा रकाना कोरा. नोंदच नव्हती, कारण सगळ्यांचे संबंध इतके चांगले की नोंद करावी असं कुणाला वाटलंच नाही. पुढे ती लांबच्या रस्त्यांनी, वरच्या अर्जांनी भांडली, काही मिळालं, बरंच गेलं. पहिला शेजारी खोटं बोलला नव्हता. त्याचा शब्द त्याच्या मालकीबरोबर संपला, एवढंच.

व्हॉट्सॲपचं प्रकरण मी वाचलं तेव्हा मला तो बांध दिसला. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकनं ते १९ अब्ज डॉलरांना घेतलं. जाहिराती नकोत, या हट्टावर उभं राहिलेलं ॲप, पन्नास-पंचावन्न माणसांची कंपनी. काही बदलणार नाही, असं तेव्हाही सांगितलं गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये लोकांचे फोन नंबर फेसबुकशी जोडायचं धोरण आलं. दोन्हीकडची खाती आपोआप खात्रीनं जुळवता येणार नाहीत, असं २०१४ मध्ये युरोपियन आयोगाला सांगितलं होतं. ती माहिती दिशाभूल करणारी ठरली आणि २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड झाला. २०२१ च्या धोरणावरून आपल्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींच्या वर दंड ठोठावला. २०२५ मध्ये स्टेटसच्या पानावर जाहिराती आल्याच. दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन २०१७ मध्ये बाहेर पडला, हातात यायचे सुमारे ८५ कोटी डॉलरांचे शेअर सोडून. दुसऱ्या वर्षी त्यानं जाहीरपणे लोकांना फेसबुक काढून टाकायला सांगितलं आणि सिग्नल या दुसऱ्या मेसेज ॲपच्या ना-नफा संस्थेसाठी पाच कोटी डॉलर दिले. म्हणजे विकणाऱ्यालाच पुढे नवी वाट पाडायला पैसे घालावे लागले. इन्स्टाग्राम २०१२ मध्ये एक अब्जाला गेलं, तेव्हा तिथं १३ माणसं होती. त्याचे दोन्ही संस्थापकही २०१८ मध्ये निघून गेले.

आता माझ्या हरकती.

एक. आम्हाला पेपरातून कळलं. गावात अर्धा एकर विकली तरी तलाठी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस देतो आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर तिची वेगळी नोंदवही असते, तक्रारदार खोटारडा असला तरी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. तुमच्या ॲपवर गटारीपासून मिसळीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं नोटिफिकेशन येतं. या गोष्टीचं आलं नाही.

दोन. २०२२ च्या हिवाळ्यात सगळ्या ॲडमिनांना तुम्ही मखमलाबाद रस्त्याला मिसळ खाऊ घातलीत. तुमच्यातला दाढीवाला टेबलावर हात मारून म्हणाला होता, "काका, हे नाशिककरांचं आहे, हे विकायला नाही काढलेलं." त्या वाक्यावर आम्ही बारा जण आणखी चार वर्षं राबलो. परिस्थिती बदलते, शब्द फिरवावा लागतो, मान्य. मग तितक्याच जणांना तितक्याच मिसळीवर बोलावून फिरवायला हवा होता.

तीन. घेणारी कंपनी काय घेतेय? तुमच्या प्रोग्रामसारखा प्रोग्राम त्यांचे इंजिनिअर वर्षाच्या आत लिहितील. त्यांना हवीत ती इथं रोज येणारी माणसं आणि त्यांच्या सवयी. म्हसरूळच्या कोणत्या बाई कुरडया विकतात, पिंपळगावचा कोणता बागायतदार कोणत्या आठवड्यात औषध शोधतो, लासलगावला कांदा उतरला की कोण काय बोलतं. ही मशागत आमची. कूळकायद्यानं 'कसेल त्याची जमीन' म्हटलं आणि कुळांना मालक करणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडला. माझी एवढी मोठी मागणी नाही. मालकी तुमची. पण ज्यानं कसलं त्याचं नाव कागदावर कुठेतरी यावं लागतं, ही समज या राज्यातल्या माणसाला नवी नाही.

चार. "आपली माहिती सुरक्षित राहील" हे वाक्य तुम्ही काल टाकलंत. कोण ठेवणार सुरक्षित? तुम्ही तर सही करून मोकळे होणार. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीची आणि माहिती पुसून घ्यायच्या हक्काची भाषा करतो, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे. त्या मधल्या फटीतून आमची वरात काढू नका.

पाच. हे जरा घरगुती आहे. फोटो ठेवायच्या एका फुकट साइटवर मी २००८ च्या पुराचे आणि आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो ठेवले होते. साइट विकली गेली, घेणाऱ्यानं वर्ष-दीड वर्ष चालवली आणि बंद केली. सूचना इंग्रजीत, मी कधीच न उघडणाऱ्या मेलवर. आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिचा तो नऊवारीतला, मांडवाखालचा एकही फोटो आज घरात नाही. माझाही हलगर्जीपणा होता, कबूल. पण हे एकट्या माझ्याच नशिबी आलं असंही नाही. याहूनं १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरांना घेतलेलं, लोकांची स्वतःची पानं ठेवणारं जिओसिटीज दहा वर्षांत मोडीत काढलं. मायस्पेस ही ओळखीपाळखीची आणि गाण्यांची साइट २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरांना गेलं, २०११ मध्ये साडेतीन कोटींच्या आसपास पुन्हा विकलं गेलं आणि २०१९ मध्ये कळलं की सर्व्हर हलवताना लोकांची जुनी गाणी गेली. मोठ्या किमतीला घेतलं म्हणजे जपून ठेवतात, असं समजू नये.

म्हणून मागण्या. साध्या आहेत, वकील न लावता समजतील.

करारावर अंतिम सही होण्याच्या किमान तीस दिवस आधी, ॲपवर, मराठीत, सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावा. करारातली किंमत झाका हवी तर, पण वापरणाऱ्यांच्या माहितीचं काय होणार ती कलमं जशीच्या तशी दाखवा.

प्रत्येकाला आपलं लिखाण आणि फोटो तारखेसकट उतरवून घेता येतील असं बटण द्या. देवनागरीचे चौकोन होणार नाहीत याची काळजी घ्या. मागे एकदा झाले होते.

एप्रिल-मे २०२१ मधले पेशंटचे तपशील, आधारचे फोटो आणि नंबर ताबा देण्याच्या आधी पुसा. 'नंतर नवीन मालक पुसेल' हे चालणार नाही. कोणत्या नोंदी पुसायच्या ते शोधायला आम्ही बारा जण बसू, फुकट, नेहमीसारखे.

पुराच्या नोंदी आणि जुन्या वाड्या-बोळांची माहिती यांची एक प्रत गावात राहू द्या. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या गावाचे कागद सांभाळतंय, तिथं विचारायचं काम माझं.

आणि मुख्य मागणी : करारात लिहून घ्या की आमची माहिती घेणाऱ्याच्या इतर सेवांशी जोडायची किंवा जाहिरातीसाठी वापरायची तर प्रत्येकाची नव्यानं, वेगळी संमती लागेल. पुढे त्यानं तिसऱ्याला विकलं तरी ती अट त्याच्यासोबत जाईल, आणि मोडली तर दंड किती तेही आकड्यात असेल. सातबाऱ्यावरचा इतर हक्क म्हणतात तो हाच. मालक बदलला तरी रकान्यातली नोंद हलत नाही.

जाता जाता, तक्रारी बघत रात्र काढणाऱ्या तुमच्या ऑफिसातल्या चार पोरांच्या वाट्याला काय येतंय, तेही जाहीर करा.

तुम्ही म्हणाल, अशा अटी घालून कोण घेईल? बोजा असलेल्या जमिनी मी शेकड्यानं विकल्या गेलेल्या पाहिल्यात. गिऱ्हाईक येतं, रकाना वाचतं, नाक मुरडतं आणि किंमत पाडून मागतं. ती जी किंमत पडेल तेवढीच आमची तुमच्याकडे मागणी आहे. मिसळीवरच्या त्या वाक्याचा भाव तेवढाच समजा. बाकीचे सगळे पैसे तुमचे, सुखानं घ्या, गाड्या घ्या, गंगापूर रोडला बंगले बांधा, मी वास्तुशांतीला येईन.

अगदीच कुणी अटींसकट घेईना तर विकायच्या आधी एकदा आम्हालाही विचारा. मोहाडीला शेतकऱ्यांनी स्वतःची उत्पादक कंपनी उभी करून दाखवलीच आहे. सहकाराच्या नावाखाली या जिल्ह्यात काय काय बुडालं तेही मी जवळून पाहिलंय, त्यामुळे फार हुरळून म्हणत नाही. पण महिन्याला पन्नास रुपये द्यायला किती जण तयार आहेत, एवढं विचारायला काय जातं?

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही ॲडमिन आणि गटातले येतील ते लोक यशवंतराव महाराज पटांगणावर बसणार आहोत. माईक नाही, बॅनर नाही, घोषणा नाहीत. तुम्ही तिघंही या. कराराच्या मसुद्यातली आमच्यापुरती पानं घेऊन या, मी लोकांच्या सह्यांचे हरकत अर्ज घेऊन येतो.

तोवर थांबायला जमत नाही म्हणून बुधवारपासून नात आणि मी माझी जुनी उत्तरं एकेक करून उतरवून घेतोय. ती स्क्रीनशॉट काढते, मी वहीत तारीख आणि विषय लिहितो. काल रात्रीपर्यंत ऑगस्ट २०१९ पर्यंत आलो.

आपला,
एक निवृत्त तलाठी
पंचवटी, नाशिक